आखाजीची गाणी आणि ३२ जीबी

सप्टेंबर २०२४. पोळा होऊन दोन दिवस झाले होते. खरिपाच्या ई-पीक पाहणीची, म्हणजे फोनवरच्या ॲपमधून सातबाऱ्यावर पीक नोंदवण्याची, मुदत जवळ आली होती आणि आमच्या केळीच्या मृगबागेची नोंद अजून व्हायची होती. आमच्याकडे हे काम माझं. घरात टचचा फोन एकच, तो माझा, यांच्याकडे बटणांचा. हे ॲप १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालं, तेव्हापासून दर हंगामात गटात उभं राहून पिकाचा फोटो मीच काढते. सातबाऱ्यावर केळी लागली नाही तर विम्यापासून पीककर्जापर्यंत सगळं अडतं, म्हणून आमच्या घरात या कामाला लागवडीइतकाच मान आहे.

त्या दिवशी पाऊस उघडला होता. चिखल तुडवत आम्ही दोघं बागेत गेलो. जूनमध्ये लावलेली रोपं कमरेला आली होती. ॲप उघडलं तर नवीन आवृत्ती घ्या म्हणालं. घ्यायला गेले तर 'पुरेशी जागा नाही'. तिथंच उभं राहून मी गॅलरीतले फोटो पुसायला लागले. मागच्या वर्षीच्या घडांचे फोटो, लेकीच्या शाळेतल्या गॅदरिंगचे, काटा पावत्यांचे. साठ-सत्तर तरी गेले असतील. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. हे म्हणाले, "अगं, एवढे पुसले तरी जागा कशी होत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. समोर बाग, पायाखाली आमचाच गट, आणि नोंद मात्र होईना. तशीच परत आले.

उत्तर रात्री कळलं. माझा भाचा, भावाचा मुलगा, जळगावला विद्यापीठात शिकतो, त्याला फोन लावला. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. तो म्हणाला, "फुई, पुसलेले फोटो आधी बिनमध्ये जातात. महिनाभर तिथं पडून राहतात आणि जागा तेवढीच खातात. बिन रिकामी करशील तेव्हा जागा होईल." मी बिन उघडली. त्या दिवसाचे तर होतेच, गेल्या महिन्यात पुसलेलेही सगळे होते. रिकामी करण्याआधी एक केलं ते बरं केलं : शेतात घाईघाईत पुसलेल्यांपैकी काटा पावत्यांचे फोटो परत घेतले. व्यापाऱ्याशी हिशोब अजून व्हायचा होता.

माझा फोन २०१९ चा, ३२ जीबीचा. नवा घेतला तेव्हा हा आकडा मोठा वाटला होता. भाच्यानं सेटिंगमध्ये 'स्टोरेज' उघडायला लावलं आणि एकेक आकडा वाचायला सांगितला. मी वहीत लिहून घेतले. सिस्टीम ११.५, ॲप ८.२, व्हिडिओ ५.६, फोटो ४.१, ऑडिओ ०.७, इतर १.६. बेरीज ३१.७. म्हणजे मोकळं उरलं होतं फक्त ०.३ जीबी. आपण ३२ विकत घेतो, पण त्यातला तिसरा हिस्सा फोन स्वतःसाठीच ठेवतो, हे मला पाच वर्षांत माहीत नव्हतं. आणि फोन गेले कित्येक महिने अडखळत का चालत होता तेही तेव्हाच समजलं. आतल्या मेमरीला नवीन काही लिहायचं तर जुनं सरकवून, साफ करून जागा करावी लागते. कोठीघरात पाय ठेवायला जागा नसली की एक पोतं काढायला चार हलवावी लागतात, तसं. म्हणून दहा टक्के तरी जागा कायम मोकळी राहू द्यावी, असं त्यानं सांगितलं. माझ्याकडे एक टक्काही नव्हती.

"आता व्हॉट्सॲप उघड," तो म्हणाला.

खरी अडगळ तिथं होती. सेटिंग, मग 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज'. वर एकच आकडा : ६.८ जीबी. त्याखाली दोन ढीग वेगळे काढून ठेवलेले, एक पाच एमबीहून मोठ्या फायलींचा आणि दुसरा अनेकदा फॉरवर्ड झालेल्यांचा. आणि त्याखाली प्रत्येक ग्रुपनं, प्रत्येक माणसानं किती जागा धरली आहे त्याची उतरती यादी. ती यादी मी बराच वेळ नुसती वाचत बसले. पहिला होता भाऊबंदांचा ग्रुप, दुसरा केळीच्या भावाचा, तिसरा भजनी मंडळाचा, मग बचत गट, मग लेकीची शाळा. माझी आई शेवटून कुठंतरी होती. तिच्या चॅटनं मोजायला सुद्धा जागा घेतली नव्हती.

केळीच्या भावाच्या ग्रुपवर रोज भावफलकाचा फोटो येतो, बऱ्हाणपूरचा वेगळा, रावेरचा वेगळा, आणि तोच फलक चार जण चार वेळा टाकतात. कालचा भाव आज कामाचा नसतो. पण माझ्या फोनमध्ये दोन-अडीच वर्षांचे भाव साठून होते. भाऊबंदांच्या ग्रुपवर सकाळची फुलं, सूर्योदय, देवांच्या तसबिरी. भाच्यानं सांगितलं की भारतातले फोन एवढे लवकर का भरतात याचा शोध घेताना गुगलच्या लोकांनाही हेच सापडलं होतं, सकाळच्या शुभेच्छांचे फोटो. जानेवारी २०१८ मध्ये तशा बातम्या आल्या होत्या. फाइल्स नावाचं गुगलचं ॲप त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०१७ मध्ये आपल्याकडे आलं होतं, ते अशा सफाईसाठीच. तेव्हा त्याचं नाव फाइल्स गो होतं.

मला त्या शुभेच्छांचा राग नाही, हे इथं सांगायला हवं. आमच्या भाऊबंदात एक थोरले दीर आहेत, एकटे राहतात. त्यांचा सकाळचा फोटो आला नाही तर मी दुपारपर्यंत फोन करते. तो फोटो म्हणजे ते उठले, बरे आहेत. पण निरोप पोचला की त्याचं काम झालं. तो तीन वर्षं सांभाळायची गरज नसते, एवढंच मला त्या रात्री उमगलं.

दोन्ही ढीग निवडून पुसले. पुसताना तो विचारतो, याच्या प्रतीही काढू का. त्यावर हो म्हटलं. मग भाच्यानं पुढच्यासाठी दोन गोष्टी बंद करायला लावल्या. एक, आपोआप डाउनलोड. मोबाईल डेटावर, वायफायवर, रोमिंगवर, तिन्ही ठिकाणी फोटो-व्हिडिओच्या खुणा काढून टाकल्या. आता फोटो धूसर दिसतो, हवा असेल तरच मी दाबते. दुसरी, मीडिया व्हिजिबिलिटी, म्हणजे ग्रुपमधलं सगळं गॅलरीत दिसणं. याने जागा वाचत नाही, पण गॅलरीत आपले फोटो आपल्याला सापडतात. तेव्हा मला कळलं की मला माझीच गॅलरी ओळखू येत नव्हती. शंभर तसबिरींमधून लेकीचा एक फोटो शोधावा लागायचा.

काही ग्रुपवर सात दिवसांनी निरोप आपोआप जाण्याची सोय आहे, ती लावावी का असं मी विचारलं. तो म्हणाला लाव, पण आपोआप डाउनलोड चालू असेल तर ग्रुपमधून निरोप जातो आणि फोटो फोनमध्ये तसाच राहतो. म्हणून आधी डाउनलोड बंद, मग ती सोय.

ॲपचं काम पटकन झालं. कोविडच्या वेळी घेतलेली, आता कोणी न उघडणारी चार ॲप काढली. राहिलेल्यांची कॅशे पुसली. इथं भाच्यानं मला तीनदा बजावलं, "कॅशे आणि डेटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅशे म्हणजे ॲपनं सोयीसाठी ठेवलेली कच्ची नक्कल, ती परत तयार होते. डेटा पुसलास तर ॲप नवीन घेतल्यासारखं कोरं होईल. व्हॉट्सॲपचा डेटा तर अजिबात पुसू नको." डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आमच्या एकाच गटाचा सातबारा नऊ वेळा होता, नावापुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे लागलेला. दर वेळी सापडत नाही म्हणून मी नवा उतरवून घेत होते. आधार कार्डाच्या पीडीएफ सहा. आधार आता डिजीलॉकरमध्ये आहे, तिथून हवं तेव्हा दाखवता येतं. फोनमध्ये प्रत ठेवत नाही.

रात्रीचे अकरा वाजले. भाच्याची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, त्यानं फोन ठेवला. तोवर पाच जीबी मोकळे झाले होते. तिथं थांबायला हवं होतं.

मी थांबले नाही. हाताला गती आली होती. एक कपाट आवरून झालं की दुसरं उघडावंसं वाटतं, तसं झालं. फाइल मॅनेजर उघडला आणि व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये शिरले. 'सेंट' नावाचं एक आत होतं, त्यात मी स्वतः पाठवलेल्या फोटोंच्या प्रती. मूळ फोटो गॅलरीत असताना ही दुसरी प्रत. ती पुसली, ते योग्यच केलं. मग 'व्हॉइस नोट्स' दिसलं. चारशे एमबी. आत गेले तर ओळीनं फोल्डर, प्रत्येकाचं नाव सहा आकड्यांचं. त्यात कुणाचं नाव नाही, विषय नाही, नुसते आकडे. आत फायली, त्यांचीही नावं तशीच, पीटीटीनं सुरू होणारी. मला वाटलं, या फोनच्या आतल्या कसल्यातरी फायली असतील. असतीलच आवाज तर "डबा विसरला", "कांदे किती आणू", असेच. सगळे निवडले आणि पुसले. माझ्या त्या जुन्या फाइल मॅनेजरला बिन नव्हती. पुसलं ते गेलं.

ते सहा आकडे म्हणजे वर्ष आणि त्यापुढे वर्षातला कितवा आठवडा, हे मला नंतर भाच्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ॲप अद्ययावत झालं. बागेत गेले, गट निवडला, फोटो काढला, कपाशीच्या शेतात जाऊन तिचाही काढला, दोन्ही नोंदी झाल्या. यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. फोन हलका चालत होता. मला खरंच आनंद झाला होता, आणि तीन दिवस तो टिकला.

७ सप्टेंबरला गणपती बसले. सकाळी मोदकाचं सारण परतत होते आणि आईची आठवण आली. अशा वेळी मी तिची गाणी लावते. वहिनीच्या चॅटमध्ये वर वर गेले, २०२० पर्यंत. व्हॉइस नोटच्या सात पट्ट्या तिथं दिसत होत्या. पहिली दाबली. फोननं सांगितलं की ही फाइल फोनमध्ये नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. दुसरी दाबली. तिसरी. सातव्यापर्यंत तेच. गॅसवर सारण लागलं ते कळलं नाही.

ती गाणी काय होती ते सांगते. माझं माहेर पारोळा तालुक्यात. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई बसते, आणि झोक्यावर अहिराणीत गाणी होतात. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. आमरस, सांजोऱ्या सगळं असतं, पण माझ्यासाठी आखाजी म्हणजे झोक्याच्या दोराची करकर आणि त्यावर आईचा आवाज. २०२० ची आखाजी २६ एप्रिलला होती. लॉकडाऊन होता. लग्नानंतर पहिल्यांदाच मी आखाजीला माहेरी जाऊ शकले नाही. मी दिवसभर रडत होते असं लेकीनं वहिनीला फोनवर सांगितलं. त्या संध्याकाळी वहिनीनं आईला आणि थोरल्या काकूला ओट्यावर बसवून गायला लावलं आणि एकेक गाणं व्हॉइस नोट करून पाठवलं. पाच आईची, दोन काकूची, त्यातलं एक काकूच्या लेकीच्या फोनवरून वहिनीकडे आलेलं. मागे कोंबड्या, सायकलची घंटी, आई मध्येच वहिनीला विचारते ती वाक्यं, सगळं त्यात होतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत काकू गेली.

सातही गाण्यांचं मिळून वजन तीन एमबीच्या आत असेल. व्हॉइस नोट फार लहान होते, मिनिटाला दीडशे केबीही लागत नाहीत. मी नुकत्याच पुसलेल्या शुभेच्छांच्या एकेका व्हिडिओत अशी चार-पाच आखाजी मावली असती.

भाच्याला फोन केला. त्यानं आधी विचारलं, "बॅकअप कधीचा आहे?" सेटिंगमध्ये पाहिलं, 'कधीच नाही' असं होतं. फोन रोज रात्री स्वतःपुरता एक बॅकअप करतो, पण त्यात नुसता मजकूर असतो, आवाज आणि फोटो नसतात. तेव्हा तोही उपयोगाचा नव्हता. मग तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फुई, तुझ्या फोनमधून गेली. पण पाठवली ज्या फोनवरून, तिथं असू शकतात. आईच्या फोनवर बघतो."

त्याची आई म्हणजे माझी वहिनी. तिचा २०२० चा फोनही आता नव्हता. पण तिनं नवा घेतला तेव्हा भाच्यानंच जुन्याचा बॅकअप गुगल ड्राइव्हवरून नव्यात उतरवला होता, आणि त्या बॅकअपमध्ये व्हॉइस नोट येतात. शनिवार-रविवारला तो गावी गेला. चॅटमध्ये आता तारीख टाकून थेट त्या दिवशी जाता येतं, २०२४ च्या सुरुवातीलाच ती सोय आली. त्यानं २६ एप्रिल २०२० टाकलं. रविवारी दुपारी माझा फोन वाजला आणि त्यावर आईचं पहिलं गाणं आलं. मी केळीच्या पाल्यात उभी होते. तिथंच खाली बसले.

सहा आली. सातवं आलं नाही. काकूचं ते मोठं गाणं, चार मिनिटांचं, तिच्या लेकीनं तिच्या स्वतःच्या फोनवरून वहिनीला पाठवलं होतं आणि वहिनीनं मला पुढे ढकललं होतं. वहिनीच्या चॅटमध्ये ते का राहिलं नाही हे भाच्यालाही सांगता आलं नाही. माझी ही चुलत बहीण सूरतला असते. तिनं तो फोन २०२२ मध्ये बदल्यात दिला. नव्या फोनमध्ये जुनं काही घेतलं नव्हतं. मी विचारल्यावर तिनंही शोध शोध शोधलं, नवऱ्याच्या फोनमध्ये, लेकाच्या लॅपटॉपमध्ये. तिच्याकडेही तिच्या आईचा दुसरा आवाज नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही दोघी फोनवर बराच वेळ काही बोललो नाही.

आईला सांगायला मी घाबरत होते. तिनं ऐकून घेतलं. "गयं ते गयं," ती म्हणाली. "त्यामा काय शे, आखो म्हनसु मी." त्यात काय आहे, मी परत म्हणेन, असं. तिच्या स्वतःच्या गाण्यांबद्दल ते खरं होतं. काकूच्या गाण्याचे शब्द तिला येतात, चाल येते, पण काकू शेवटच्या ओळीला आवाज जिथं लांबवायची ती जागा आईला घेता येत नाही. तिनं दोनदा प्रयत्न केला आणि फोनवरच गप्प झाली.

त्यानंतर मी सफाईची पद्धत पूर्ण बदलली. आधी मी आकारानं पाहत होते, मोठं दिसेल ते पुसायचं. आता पहिला प्रश्न वेगळा असतो : हे माझ्याशिवाय आणखी कुणाकडे आहे का? भावफलक शंभर फोनमध्ये आहे. सातबारा सरकारकडे आहे. शाळेची पीडीएफ बाईंकडे आहे. पण बांधावर काढलेला यांचा आणि सासऱ्यांचा फोटो, वादळात आडव्या झालेल्या बागेचे व्हिडिओ, लेकीचं पहिलं भाषण, हे जगात एकाच ठिकाणी आहे, माझ्या हातात. जे एकाच ठिकाणी आहे त्याची आधी दुसरी प्रत व्हायला हवी, पुसणं त्यानंतर.

दुसरी प्रत कुठं ठेवायची यावर आमच्याकडे आठ दिवस चर्चा झाली. मेमरी कार्ड हा सोपा उपाय, पण माझ्या फोनमध्ये दुसरं सिम आणि कार्ड यांना एकच खाच आहे. शेतात ज्याचं नेटवर्क येतं ते सिम दुसरं आहे, ते काढून चालणार नव्हतं. शिवाय कार्डाच्या बाबतीत माझ्या चुलत दिरांचा अनुभव ताजा होता. त्यांनी बाजारातून अगदी स्वस्तात ५१२ जीबीचं कार्ड आणलं. फोन ५१२ दाखवत होता. लग्नाचे सगळे फोटो त्यावर हलवले आणि महिन्याभरात निम्मे उघडेनात. असल्या बनावट कार्डात आत जागा थोडीच असते, फक्त आकडा मोठा दाखवायला लावलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं नुसतं दिसतं, असतं काहीच नाही. कार्ड किंवा पेनड्राइव्ह आणला की आधी संगणकावर पूर्ण भरून परत वाचून पाहावा. त्यासाठी मोफत प्रोग्राम मिळतात. भाच्यानं तेच केलं. त्यानं जळगावहून ६४ जीबीचा दोन तोंडांचा पेनड्राइव्ह आणला, एक तोंड संगणकाला, एक फोनला. रात्रभर भरून तपासला आणि मगच माझ्या हातात दिला.

फोटोंसाठी गुगल फोटोज चालू केलं. इथं दोन खाचखळगे आहेत आणि दोन्ही मोठे आहेत. पहिला, १ जून २०२१ पासून तिथं अमर्याद फुकट साठवण राहिली नाही. मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ मध्ये धरला जातो. म्हणून फोटोंना 'स्टोरेज सेव्हर' निवडलं आणि व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळले, आवाज आणि फोटो ठेवले. दुसरा खाचखळगा माझ्या शेजारणीला नडला. तिचे फोटो वर चढले होते म्हणून तिनं त्याच ॲपमधून ते पुसले, फोनमधली जागा होईल म्हणून. तिथून पुसलं की दोन्हीकडून जातं. फक्त फोनमधले काढायचे तर त्यासाठी वेगळं बटण आहे, 'डिव्हाइसवरील जागा मोकळी करा' असं. ते वर पोचलेलेच फोटो काढतं. सुदैवानं तिथल्या बिनमध्ये वर चढलेले फोटो ६० दिवस राहतात. तिचे चाळिसाव्या दिवशी परत मिळाले.

आमच्याकडे दिवसाचा डेटा दीड जीबी. त्यातून फोटो वर चढवणं म्हणजे दोन-तीन आठवड्यांचं काम होतं. मी रोज रात्री झोपताना, दिवसाचा उरलेला डेटा त्याला देत गेले. बारानंतर नवा डेटा मिळतो हे लक्षात घेऊन कधी पहाटे उठून लावला. लाईट गेली की काम अडायचं, परत आली की पुढे जायचं. दिवाळीच्या आधी शेवटचा फोटो चढला. मग पाच फोटो नमुन्यादाखल दुसऱ्या फोनवरून उघडून पाहिले, व्हिडिओ चालवून पाहिले, पेनड्राइव्हवरचेही पाहिले, आणि मगच ते बटण दाबलं. ३२ पैकी साडेनऊ जीबी मोकळे झाले. आजही आठच्या खाली जाऊ देत नाही.

फाइलला नाव देण्याची सवयही तेव्हाच लागली. त्या आकड्यांच्या फोल्डरनं मला ती शिकवली. नाव नसलेल्या गोष्टीची किंमत कळत नाही, ती अडगळीसारखीच दिसते. सहा गाण्यांना मी नावं दिली : आईचं नाव, गाण्याचा पहिला शब्द, आखाजी २०२०. वादळाच्या व्हिडिओला गट नंबर आणि तारीख. महत्त्वाची व्हॉइस नोट आली की त्याच दिवशी ती व्हॉट्सॲपच्या बाहेर काढते आणि 'जपायचं' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. लेकीला हे काम इतकं आवडलं की आता ती दर रविवारी माझ्याशेजारी बसते. मी 'हे कुणाकडे आहे?' विचारते, ती उत्तर देते. एकदा तिनं माझ्या सासूबाईंचा एक व्हॉइस नोट काढून ठेवला. त्यात त्या फक्त म्हणतात, "दूध उतू गेलं नाही ना बघ." मी विचारलं हे कशाला. ती म्हणाली, "आजीचा आवाज आहे ना."

३० एप्रिल २०२५ ला आखाजी आली. मी दोन दिवस आधीच माहेरी गेले. जाण्यापूर्वी फोनमध्ये दहा जीबी मोकळे करून घेतले. सूरतहून चुलत बहीणही आली. निंबाला झोका बांधला. दुपारी ऊन इतकं होतं की अंगणात पाय ठेवता येत नव्हता, म्हणून आम्ही चारनंतर बसलो. मी फोन झोक्यापासून थोडा लांब, उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर ठेवला, विमान मोडवर टाकून, म्हणजे मध्ये कुणाचा फोन येणार नाही. साधा रेकॉर्डर चालू केला.

आईनं अकरा गाणी म्हटली. तिला दम लागायचा तेव्हा वहिनी उचलायची. मग आईनं बहिणीकडे पाहिलं आणि काकूचं गाणं सुरू केलं. शेवटच्या ओळीला ती थांबली. ती जागा तिला येत नव्हती. बहिणीनं डोळे मिटले आणि आवाज लांबवला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा आईनं हातानं वर, अजून वर अशी खूण केली. तिसऱ्यांदा आईचा हात हवेतच राहिला.

रात्री सगळे झोपल्यावर मी ओट्यावर बसून ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली. मग बहिणीच्या फोनवर पाठवली, वहिनीच्या पाठवली, भाच्याच्या पाठवली. तिघांकडे पोचल्याच्या दोन-दोन खुणा येईपर्यंत जागी राहिले. बहिणीनं तिच्या फोनवर ती लावून पाहिली, कानाशी धरून, आवाज बारीक करून. काकूच्या गाण्यापर्यंत पुढे सरकवली. मी फाइलचं नाव काय द्यायचं विचारलं. तिनं आधी तिच्या आईचं नाव घातलं, मग माझ्या आईचं, आणि वर्ष.